चोरवाटेची हवा

(आयटीआयमधल्या मोटर मेकॅनिक ट्रेडच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मागे ऐकू येतंय ना? तो कंप्रेसर बंद करा जरा. हं.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक पेट्रोल गाडी आली. सिग्नलला थांबली की आरपीएमचा काटा वर-खाली, आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. आधीच्या गॅरेजात स्कॅनर लावला होता. कोड निघाला पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यांनी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि कोड पुसला. चार दिवसांनी दिवा परत हजर. मग एअर मास सेन्सर बदलला. पुन्हा तेच. मालक माझ्याकडे आले ते बिलांची चळत घेऊनच.

दोष होता पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणाऱ्या, रबरी पाइपात. तो कोपरासारखा वळतो ना, तिथे खालच्या अंगाला चीर. वरून पाहिलं तर पाइप ठणठणीत. बोट खालून फिरवलं तेव्हा नख अडकलं. त्या पाइपाची किंमत सेन्सरच्या बिलावरच्या जीएसटीएवढीही नव्हती. आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. कोडमध्ये लीन लिहिलंय, सेन्सर खराब असं कुठे लिहिलंय?

आता हवा तिथून का शिरते, ते बघू. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेला असतो आणि पिस्टन तर ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार होतो. धडधाकट इंजिनाला व्हॅक्यूम गेज लावलं तर समुद्रसपाटीला साधारण १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. मी मुंबईत शिकलो, डोळ्याला तेच आकडे सवयीचे. पुण्यात आलो तर जी गाडी बघावी ती १७-१८. मी प्रत्येक इंजिनाच्या व्हॉल्व्हवर संशय घ्यायला लागलो. शेवटी उस्ताद म्हणाले, “अरे, घाट चढून आलास ना?” हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो, आणि पुणे आहे अठराशे फुटांवर. म्हणून गेज वाचताना आपण उभे कुठे आहोत तेही ध्यानात ठेवा.

त्या गाडीत एअर मास सेन्सर होता. तो आत जाणारी हवा मोजतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल या हिशेबाने इंजेक्टर उघडतो. चीर सेन्सरच्या पुढे असेल तर तिथली हवा हिशेबात येतच नाही. ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज खाली पडून राहतं, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. ही वाढ म्हणजे फ्युएल ट्रिम. ती अधिक २०-२५ टक्क्यांच्या पुढे गेली की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो. कोड पुसल्यावर लगेच दिवा न येता चार दिवसांनी आला, तो यामुळेच. गणित पुन्हा पहिल्यापासून चाललं होतं.

पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर असतो, आणि तिथे माझ्यासारखे जुनेही फसतात. मॅप हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. चोरवाटेने हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं लोड आलाय, तो जास्त पेट्रोल देतो. मिक्श्चर फारसं बिघडत नाही, आयडलिंग मात्र चढतं. कोड आलाच तर पी०५०७, म्हणजे आयडलिंग जास्त. म्हणून लीनचा कोड नाही म्हणजे लीक नाही, असं धरू नका.

एअर मासवाल्या गाडीत बोनेट उघडायच्या आधी स्कॅनरवर ट्रिम बघा. एकदा आयडलला, एकदा अडीच हजार आरपीएमला. आयडलला अधिक १८ आणि रेस केल्यावर अधिक ४ झालं, तर लीक. आयडलला एकूण हवाच थोडी, त्यात चोरहवेचा वाटा मोठा. थ्रॉटल उघडला की तो वाटा किरकोळ होतो. उलट रेस केल्यावर ट्रिम वाढत गेलं, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर मास सेन्सर. हे दोन आकडे बघायला दोन मिनिटं लागतात.

मग शोधाशोध. एकेक होज पक्कडीने अलगद दाबा. जो दाबल्यावर आयडलिंग सुधारतं, तिथे थांबा. ऑइल फिलरचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलीय का बघा. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर बाहेर चीर दिसणारच नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत मॅनिफोल्डला भोकं पाडून नोझल बसवलेले असतात, ते हलवून बघा. आणि पावसात उंदीर ऊब शोधत इंजिनात येतात नि होज कुरतडतात, हे काय सांगायला हवं?

कुणी म्हणेल, साबणाचं पाणी लावू. पंक्चरला ते चालतं, कारण हवा बाहेर येते. चालू इंजिनात ती आत जाते, फुगा येणार कुठून? कार्ब क्लीनर, म्हणजे कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे, मारून आरपीएम बदलतो का बघणारे पुष्कळ आहेत, मीही केलंय. पण तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला तर पेट घेतो. स्मोक मशीन चांगलं. इंजिन बंद ठेवून अगदी कमी दाबाने धूर भरायचा आणि टॉर्च घेऊन तो कुठून निघतो ते बघायचं.

ब्रेक पेडलला जोर देणारा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो, त्याची होज मात्र पहिल्यांदा तपासा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवा आणि स्टार्टर मारा. पेडल जरासं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, किल्ली द्यायची नाही.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तो मिसफायरचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्ट साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, गाडी पळवू नका. आणि कोड घालवायला बॅटरीची वायर काढू नका. बिघाड झाला तेव्हाचा आरपीएम, तापमान, ट्रिम ईसीयूने फ्रीझ फ्रेममध्ये टिपलेलं असतं, ते पुसलं जाऊ शकतं.

बरं, ही समोरची गाडी. हिच्यात एअर मास सेन्सर आहे, आणि एक होज मी सकाळी मुद्दाम सैल करून ठेवलीय. कोण येतंय? ये, तू ये. बोनेटला हात नाही लावायचा. स्कॅनर घे आणि आधी मला ट्रिमचे दोन आकडे सांग.