तस्संच सांग

(बडोद्यात मराठी पालक आणि आजी-आजोबांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, माझी नात साडेचार वर्षांची आहे. घरात मराठी, खाली सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी. रोज रात्री तिला चिऊकाऊची गोष्ट लागते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा "कावळ्याचं घर शेणाचं" एवढं ऐकूनच तिनं मला थांबवलं. "आजी, शेण म्हणजे?" मी गुजरातीत म्हटलं, "छाण." मग आमच्याकडे चार दिवस कावळा छाणाच्या घरात राहिला. पाचव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "शेणाचंच म्हण. ते मेणाचंशी जुळतं."

गोष्टीत पुढे चिमणी दार उघडत नाही. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, काजळ घालू दे. थांब, तीट लावू दे. एका रात्री दमले होते, म्हणून मी तीट गाळली. मला वाटलं, पोरगी झोपली. तिनं डोळे उघडले. "तीट राहिली. तस्संच सांग."

लहान मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्यांना गोष्टी सुचतात कुठून, हा आजचा विषय. त्यांची चरित्रं आणि आठवणी वाचताना मला पुन्हा पुन्हा अशीच एखादी हट्टी पोर भेटत गेली.

इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंगची थोरली मुलगी जोसेफिन. घरात तिला एफी म्हणत. उंटाला मदार कशी आली, देवमाशाचा घसा असा का, या गोष्टी तो तिला निजवताना सांगायचा, आणि त्यातला एक शब्द बदललेला तिला चालत नसे. गोष्ट ठरल्या शब्दांतच यायला हवी, नाहीतर ती जागी होऊन चुकलेलं वाक्य जागच्या जागी आणून बसवायची. पुढे पुस्तकाचं नाव त्यावरूनच पडलं, 'जस्ट सो स्टोरीज'. आपल्या भाषेत, तस्संच सांग. 1899 साली न्यूयॉर्कमध्ये बाप-लेक दोघंही न्यूमोनियानं आजारी पडले. सहा वर्षांची जोसेफिन गेली. किपलिंग स्वतः इतका आजारी होता की त्याला हे लगेच सांगताही आलं नाही. पुस्तक आलं 1902 मध्ये. त्यातली लय, परत परत येणारी ती लांबलचक विशेषणं मी आता मोठ्यानं वाचते, तेव्हा मला वाटतं, ऐकणारी उरली नव्हती म्हणून त्यानं एकही शब्द हलू दिला नाही. हा माझा तर्क आहे, पण मी तो सोडणार नाही.

किपलिंगची साम्राज्याबद्दलची मतं मला मुळीच मान्य नाहीत. तरी त्याच्या बालपणातली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. तो जन्मला मुंबईत, 1865 साली. दुपारी त्याची आया आणि घरातला गडी त्याला गोष्टी सांगत, इथली गाणी म्हणत. मग मुलांना कपडे घालून जेवणघरात पाठवताना बजावत, आता आई-वडिलांशी इंग्रजीत बोला. तो लिहितो की तो विचार करायचा इथल्या बोलीत आणि इंग्रजी बोलताना अडखळत त्याचं भाषांतर करायचा. आपल्या घरांतली मुलं आठवतात ना? दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभं राहिलेलं मूल बिचारं असतं, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. शेण आणि छाण दोन्ही ठाऊक असलेल्या मुलीलाच कळलं की मेणाला शेण जुळतं.

आता आपले साने गुरुजी. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहून झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. पाच दिवस ऐकलं की आपण प्रतिभेचा चमत्कार म्हणून हात जोडतो. पण त्याआधीची वर्षं पाहा. अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते. त्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत होते. आई 1917 साली गेलेली, आणि भोवती आईपासून लांब आलेली मुलं. पुस्तकाची रचनाही बघा, प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, श्याम सांगतो आणि भोवती बसलेले ऐकतात. लिहायला पाच दिवस पुरले, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे त्यांना कैक वर्षं पाठ होते.

आणि आपल्या शेजारचे गिजुभाई बधेका. वकिली करत होते. 1913 मध्ये मुलगा झाला, आणि त्याला शिकवायचं कसं या काळजीनं माणूस मॉन्टेसरीच्या बालशिक्षणपद्धतीकडे वळला. 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर उभं राहिलं, तिथल्या मुलांना रोज नवी गोष्ट हवी म्हणून लोककथा गोळा झाल्या, लिहिल्या गेल्या. 1923 साली ताराबाई मोडक तिथं आल्या. मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई, आणि काम गुजराती मुलांत. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला ग्रंथालयं उभारायला बोलावलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतल्या त्या काचेच्या जमिनीवरून चालताना आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी घाबरले असतील. वाचायची सोय या गावानं शंभर वर्षांपूर्वी केली. सांगायची सोय आपल्याला घरातच करायची आहे, आणि मुलानं मध्येच "म्हणजे?" विचारलं तर वैतागायचं नाही. त्या "म्हणजे?"पाशी गोष्ट नव्यानं तयार होत असते.

परवाचंच सांगते. जिन्यात बसून नात शेजारच्या मुलाला चिऊकाऊ सांगत होती, गुजरातीत. चिमणीची चकली झाली होती, कावळ्याचा कागडो. छाणनुं घर, मीणनुं घर. "ऊभो रहे," चकली आतून म्हणाली. अंघोळ झाली, काजळ झालं. मग ती थांबली. तीटेला तिच्याकडे गुजराती शब्द नव्हता. मी वरून बघत होते, सांगावंसं वाटलं, पण गप्प राहिले. तिनं बोट पुढे केलं आणि त्या मुलाच्या गालावर टेकवलं.