दरवाजा गातोय, स्पीकर नाही: स्पोर्ट्स कारचं डॅम्पिंग

(टेबलावर एकाच सेटमधली दोन स्टीलची जेवणाची ताटं. पहिलं ताट कडेला धरून बोटाच्या पेरानं टिचकी. झण्णण.)

ऐकलंत? किती वेळ वाजत राहिलं बघा. आता दुसरं.

(दुसऱ्या ताटावर टिचकी. टक्.)

ताट तेच, टिचकी तीच. फरक मागच्या बाजूला आहे. (ताट उलटं करून) तळहाताएवढा काळा तुकडा, वर चांदीसारखी फॉइल. आख्खं ताट झाकलेलं नाही, मधे एक तुकडा लावलाय, बस. हे ताट आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही आणि आईला हे अजून माहीत नाही, त्यामुळे व्हिडिओ तिच्यापर्यंत पोहोचू देऊ नका.

नमस्कार मंडळी. आपण आहोत कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मागे उभी आहे ती माझ्या मित्राची दोन दारांची जर्मन कूपे. सेकंड हँड घेतली, महिन्याभरात पुढचे स्पीकर बदलले, ॲम्प्लिफायर बसवला, आणि मग मला फोन: "अरे, एवढे पैसे घातले, पण डग्गा कुठाय? नुसते टाळ वाजतायत."

मी जाऊन ऐकलं. स्पीकर चांगला होता. तो ज्या खोक्यात बसवला होता ते खोकंच फुटकं होतं. खोकं म्हणजे दरवाजा.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा सैल होते. म्हणजे पुढून एक सूर निघतो आणि मागून बरोबर त्याच्या उलटा. हे दोन एकमेकांना भेटले की खर्ज कापला जातो. दरवाजाचं डोअर पॅड काढलंत तर आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं दिसतील. काचेची मोटर बसवायला मेकॅनिकचा हात आत जावा म्हणून ती ठेवलेली असतात, आणि त्यांच्यावर फार तर एक पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. मागचा उलटा सूर याच भोकांतून बाहेर येतो आणि डग्गा खाऊन टाकतो. वर बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, त्यात कूपेची दारं लांबलचक. एवढा मोठा सपाट पत्रा स्पीकरच्या जोडीनं स्वतःच थरथरतो. म्हणजे गाणं लावलं की दरवाजाही गातो, आणि तो बेसूर गातो.

आता हा काळा तुकडा. याला बाजारात सरसकट डॅम्पिंग शीट म्हणतात. खाली ब्युटाइल रबर, वर ॲल्युमिनियमची फॉइल. पत्रा वाकायला लागला की खालचं रबर त्याच्याबरोबर ताणलं जातं, पण वरची फॉइल ताणायला तयार नसते. या ओढाताणीत मधलं रबर आडवं घसटतं, आणि थरथरीची ताकद उष्णतेत जिरते. उष्णता इतकी थोडी की हाताला कळणारही नाही. म्हणून शीट घेताना नुसती जाडी बघू नका, फॉइलही बघा. नखानं फाटणारी फॉइल असेल तर ती काही धरून ठेवणार नाही.

इथे एक आडवळण घेतो, कारण मला राहवत नाही. पत्र्यावर वजन चिकटवायचं म्हटलं की मला तबल्याची शाई आठवते. चामड्याच्या मधोमध वजन चढवल्यामुळे तबल्याचे वरचे सूर एका रांगेत कसे येतात यावर सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. तिथे वजन लावलंय ते नाद सुरेल व्हावा म्हणून. आपण लावतोय तो नाद मरावा म्हणून. त्यामुळे मित्र जेव्हा म्हणाला, "सगळीकडेच लावून टाकू की", तेव्हा मी त्याला ताट दाखवलं. सपाट पत्र्याच्या मधोमध, साधारण चौथा हिस्सा झाकला की थरथर बरीचशी मेलेली असते. त्यापुढे दर तुकड्याला फायदा कमी आणि वजन तेवढंच. 2 मिलिमीटरची शीट चौरस मीटरला साधारण अडीच ते साडेतीन किलो भरते. स्पोर्ट्स कारमध्ये माणसं किलोकिलोसाठी भांडतात, आणि आपण भिंतीला वॉलपेपर लावल्यासारखं चिकटवत सुटायचं?

पण एक गोष्ट ही शीट करत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ती रस्त्याचा आवाज अडवत नाही. पत्र्याची थरथर मारणं वेगळं आणि हवेतून येणारा आवाज अडवणं वेगळं. अडवायला वजनदार सलग पडदा लागतो, जड व्हिनाइलचा. तो चौरस मीटरला 5 किलोच्या आसपास असतो आणि त्याला फटी चालत नाहीत. हात घालण्याएवढी फट राहिली की पडदा लावून न लावल्यासारखाच. आणि ऑनलाइन मिळणारा तो मऊ मऊ फोम? 100 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर होते, म्हणजे या गाडीहून थोडीच कमी. सेंटिमीटरभर फोमला ती लाट भीक घालत नाही. फोमचा खरा उपयोग दोन कडक गोष्टी एकमेकींवर खडखडू नयेत यासाठी. तिथे तो फार कामाचा आहे, आणि तोही बंद पेशींचा घ्या. स्पंजसारखा घेतलात तर पावसाळ्यात पाणी पिऊन बसेल.

पाण्यावरून माझीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या साध्या हॅचबॅकच्या दारांना मी हौसेनं शीट लावली, अगदी खालच्या कडेपर्यंत, एकही जागा सोडली नाही. जुलैत सिंहगडावरून उतरताना वळणावळणाला दारातून आवाज यायला लागला. डुबुक, डुबुक. काचेच्या रबरापाशी पावसाचं पाणी आत उतरतंच, ते खालच्या भोकांतून वाहून जायचं असतं, आणि ती भोकं मी बुजवली होती. तळाचा पत्रा गंजला तो गंजलाच. तेव्हा काम सुरू करायच्या आधी खडूनं त्या भोकांभोवती गोल काढा आणि तिथून चार बोटं लांब राहा.

दुसरी चूक मी केली नाही, पण होताना पाहिली आहे. बोहरी आळीत गच्चीची गळती बंद करायची फॉइलवाली पट्टी मिळते. दिसायला डिट्टो अशीच आणि स्वस्त. तिच्यातल्या पुष्कळशा पट्ट्या डांबराच्या असतात. एप्रिलमध्ये गाडी दुपारभर उन्हात राहिली की दाराचा पत्रा तव्यासारखा तापतो, डांबर पातळ होऊन खाली ओघळतं आणि गाडीला नव्या रस्त्याचा वास येतो. घेताना तुकडा नाकाशी धरा. डांबराचा वास लपत नाही.

आता काम. (गाडीजवळ) आधी बॅटरीची वायर काढायची आणि दहा मिनिटं थांबायचं. चावी चालू ठेवून एअरबॅगचा प्लग निघाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. काही गाड्यांत दाराच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, धडक बसली की तो एअरबॅगला खबर देतो. तो झाकायचा नाही आणि हलवायचाही नाही. तुमच्या गाडीत तो आहे की नाही हे आधी नीट बघा, आणि शंका असेल तर ते दार माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

डोअर पॅडचे स्क्रू लपलेले असतात, हँडलच्या मागे, छोट्या झाकणाखाली. ते काढल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीनं कड उचलायची. स्क्रूड्रायव्हर घातलात तर ओरखडा नक्की. दोन-चार क्लिपा तुटणारच, त्यामुळे नाना पेठेतून तुमच्या मॉडेलच्या दहा क्लिपा आधीच आणून ठेवा. जुन्या तुटक्या क्लिपांवर पॅड परत बसवलं की तेच खडखडतं, आणि मग आपण शीटला शिव्या देतो.

यानंतरची पायरी सगळे टाळतात. काढलेले प्लग परत लावून बॅटरी जोडा, फोनवरून गाडीच्या स्पीकरवर 40 ते 200 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि तळहात दारावर फिरवा. जिथे हाताला मुंग्या येतील तिथे खडूची खूण. आपल्या एआरएआयच्या टेकडीवर 1966 पासून गाड्यांचं संशोधन करणारी संस्था आहे, तिथे गाडीचा आवाज आणि थरथर मोजायची वेगळी प्रयोगशाळाच आहे. आपल्याकडे तळहात आणि खडू. पण जागा सापडतात हो.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पत्रा पुसायचा, दोनदा. ग्रीस राहिलं तर शीट लागते आणि महिन्याभरात सुटते. तुकडा लावून रोलर फिरवायचा. वजन टाकून, लाटण्यावर टाकतो तसं, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. खाली हवेचा फुगा राहिला तर तेवढी शीट फुकट गेली. हिवाळ्यात सकाळी करत असाल तर शीट आधी थोडी उन्हात ठेवा. आणि हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. (बोटावरची पट्टी दाखवून) पुरावा.

बाहेरच्या पत्र्याचं झालं की आतल्या पत्र्याची ती मोठी भोकं बंद करायची. खरा डग्गा इथे परत येतो. नुसती शीट ताणून लावू नका, ती ढोलाच्या पानासारखी हलते. भोकाच्या मापाचा पातळ ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा कापा आणि त्यावर शीट. काच पूर्ण खाली-वर करून बघा, दांड्या कुठे घासत नाहीत ना.

इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला मी हात लावू दिला नाही. मित्र म्हणाला, तिथून सगळ्यात जास्त आवाज येतो. येणारच! त्यासाठीच तर घेतलीस ना ही गाडी? तो आवाज नको होता तर सेडान घ्यायची. मागे डिकीत मात्र चाकांच्या कमानींवर शीट लावली. कूपेची डिकी केबिनला उघडीच असते आणि मागच्या टायरांची घूं घूं थेट डोक्यामागे येते. टायरच्या आतली हवा 200 ते 250 हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि गाणाऱ्याचा आवाजही त्याच पट्टीत असतो. ती घूं घूं थोडी कमी झाली, गेली नाही. जायला टायर बदलावे लागतील.

मोजलं किती? बायपासवर त्याच पट्ट्यात, 80 च्या वेगाला, फोनच्या ॲपवर जेमतेम दोन डेसिबल उतरले. एवढंच? हो, एवढंच. 3 उतरले असते तर गाणं रस्त्याच्या वर तेवढंच ऐकू यायला ॲम्प्लिफायरची निम्मी ताकद पुरली असती, म्हणजे दोनही फेकून देण्यासारखे नाहीत. पण कानाला कळलेला बदल वेगळाच आहे. दार लावताना आधी पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज यायचा. (दार लावतो. धप्प.) आता हा. आणि डग्ग्यावरची मींड, ती तळहात सरकवून काढतात ती, शेवटपर्यंत ऐकू येते. आधी ती अर्ध्यात विरायची.

एवढं करूनही एका ठराविक सुराला कुठेतरी झिर्रर व्हायचं. आम्ही उजवं दार दोनदा उघडलं. शेवटी सापडलं ते वर, सन व्हायझरमध्ये. पीयूसीच्या कागदाचं प्लॅस्टिकचं पाकीट.