सही करताय, पण कशावर?

श्रोतेहो, नमस्कार.

१५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागले, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. आपला दिवस उजाडला तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणून असेल, पण आमचे आजोबा मतदानाला धुतलेलं धोतर नेसून, सण असल्यासारखे जायचे. पण मत पाच वर्षांतून एकदा. मधल्या दिवसांत काय करायचं? त्यासाठी ग्रामसभा आहे.

गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. सरपंच पाच वर्षांचा, सभासद आपण कायमचे. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात, नोटीस सात दिवस आधी. पूर्वी दवंडी पिटायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि लग्नाच्या फोटोंखाली गडप होते. बायाबापड्यांची महिला सभा या सभेच्या आधी घ्यायची असते, हे तर कित्येक घरांत ठाऊकच नाही.

आता खरी गंमत कोरमची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी, तेवढी माणसं हवीत. चारशे मतदार असतील तर साठ. हजार असतील तर शंभर. प्रत्यक्षात पारावर दिसतात पंधरा-वीस. मग हजेरीच्या सह्यांसाठी वही घरोघर फिरते.

मीही केलीय अशी सही. चहाचा कप एका हातात, पेन दुसऱ्या हातात. पुढं टाकीचं काम आमच्या वस्तीपासून लांब सुरू झालं, तेव्हा मी तावातावानं विचारायला गेलो. ठरावात लिहिलं होतं, 'सर्वानुमते मंजूर'. खाली माझी सही, चांगली ठळक. काय बोलणार?

दुसरी गोष्ट याहून बेरकी. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते. लोक म्हणतात, चला, सभाच झाली नाही. पण तहकूब सभेला कोरम लागत नाही! नवा विषय घेता येत नाही, जुने मात्र तेवढ्याच चार डोक्यांत मंजूर होतात. तेव्हा तहकुबीची पुढची तारीख विचारूनच उठा.

सभेत भाषण ठोकायची गरज नाही. जमाखर्च वाचून दाखवा म्हणा. घरकुलाची यादी विचारा. उन्हाळ्यात टँकरच्या किती खेपा लिहिल्यात आणि विहिरीत किती पडल्या, हे पाणी भरणारी बाई कुणाहीपेक्षा नेमकं सांगेल. तिला बोलू द्या.

उत्तर टाळलं, तर साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा, प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल मागा. तीस दिवसांत द्यावी लागते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आणि पुढच्या सभेला जाताना चष्मा खिशात ठेवा. वहीतला मजकूर फार बारीक अक्षरात असतो.