हेवर्ड शेपर्ड आणि हार्पर्स फेरीची शिळा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत पोटोमॅक आणि शेनँडोआ या नद्यांच्या संगमावर हार्पर्स फेरी नावाचे लहानसे गाव आहे. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री जॉन ब्राउन यांनी मूठभर साथीदारांसह तेथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. गुलामगिरी शस्त्राच्या बळावर मोडून काढायची, हा त्यांचा निर्धार होता. परंतु त्या छाप्यात पहिला बळी गेला तो एका कृष्णवर्णीय गृहस्थांचा. त्यांचे नाव हेवर्ड शेपर्ड. ते गुलाम नव्हते. रेल्वे स्थानकावर प्रवाशांचे सामान सांभाळण्याचे काम ते करीत आणि त्यांचे बिऱ्हाड विंचेस्टर गावी होते. पुलावरचा रात्रीचा पहारेकरी दिसेना, म्हणून ते त्याला शोधायला बाहेर पडले. अंधारातून कोणीतरी थांबण्याचा हुकूम केला, ते माघारी वळले आणि गोळी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी प्राण सोडला.

हे गाव तेव्हा व्हर्जिनिया राज्यात होते. तिथे कृष्णवर्णीय माणूस मुक्त असणे म्हणजे काय, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची हकिगत कळणार नाही. १८०६ च्या कायद्यानुसार, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने बारा महिन्यांत राज्य सोडायचे, नाहीतर पुन्हा विक्रीला जायचे, असा दंडक होता. मुक्त माणसाला कचेरीत नाव नोंदवून वय, वर्ण आणि उंची लिहिलेला दाखला बाळगावा लागे. गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात त्याची साक्ष चालत नसे. १८६० च्या जनगणनेत असे मुक्त कृष्णवर्णीय लोक देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार होते, आणि गुलाम साडेएकोणचाळीस लाखांच्या घरात.

शेपर्ड यांच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या, बाजूने लढलेल्या सैनिकांच्या वंशजांच्या दोन संघटनांनी त्यांच्या नावाने तिथे एक शिळा उभारली. शिळेवरील मजकूर शेपर्ड यांना उद्योगी आणि सन्मान्य मुक्त कृष्णवर्णीय म्हणतो. इथपर्यंत कोणाची तक्रार असायचे कारण नाही. पण लगेच पुढे तो त्यांना अशा हजारो कृष्णवर्णीयांचे प्रतीक ठरवतो, ज्यांनी युद्धाच्या काळात अनेक मोह होऊनही निष्ठा सोडली नाही. मोह कशाचा? स्वातंत्र्याचा. ज्या माणसाने आपल्या मताचा एक शब्दही मागे ठेवला नाही, त्याला मरणोत्तर गुलामगिरीच्या बाजूचा साक्षीदार करण्याचा हा खटाटोप होता, आणि मला तो शेपर्ड यांच्यावर झालेला दुसरा अन्याय वाटतो.

त्याच रात्री ब्राउन यांच्या बाजूने पाच कृष्णवर्णीय लढत होते. त्यांपैकी डेंजरफील्ड न्यूबी स्वतः मुक्त होते, पण पत्नी हॅरिएट आणि मुले व्हर्जिनियातच गुलामीत अडकलेली. त्यांना विकत घेऊन सोडवण्यासाठी न्यूबी पैसे जमवीत होते, पण तो सौदा झाला नाही. हॅरिएट यांनी त्यांना पत्रातून कळवले होते की, मला शक्य तितक्या लवकर विकत घ्या, तुम्ही नाही घेतले तर दुसरा कोणी घेईल. छापा घालणाऱ्यांपैकी पहिला मृत्यू न्यूबी यांचा झाला, आणि पुढे हॅरिएट यांना खरोखरच दूर लुइझियानात विकण्यात आले. शिळेवर या कुटुंबाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, कारण बायकोमुलांसाठी जीव देणारा माणूस तिच्या गोष्टीत बसत नाही.

शिळेच्या अनावरणालाच विरोधाचा आवाज उठला. गावातील कृष्णवर्णीयांच्या स्टोरर कॉलेजच्या संगीत शिक्षिका पर्ल टॅटन यांनी भर समारंभात सांगितले की, माझे वडील गुलामांच्या मुक्तीसाठी उत्तरेच्या सैन्यातून लढले होते. आयोजकांनी बोलायला बोलावले नसताना, त्या गर्दीसमोर हे बोलायला केवढे धैर्य लागले असेल! पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी जॉन ब्राउन यांच्या गौरवाचा मजकूर लिहिला, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या त्यांच्या संघटनेने तो फलक कॉलेजला देऊ केला. कॉलेजच्या गोऱ्या अध्यक्षांनी तो लावू दिला नाही. अखेर २००६ साली तो त्या जुन्या आवारात लागला, तेव्हा कॉलेज बंद होऊन पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.

शिळेचे काय करावे, हे राष्ट्रीय उद्यान विभागालाही बराच काळ उमगेना. १९७६ मध्ये दुरुस्तीच्या कामासाठी ती हलवली गेली, १९८१ मध्ये परत आणली ती लाकडी फळ्यांनी झाकूनच, आणि १९९५ मध्ये शेजारी माहितीफलक लावून पुन्हा उघडी करण्यात आली. त्या फलकावर डुबॉइस यांचे शब्दही दिलेले आहेत.

शिळा फोडावी, असे माझे मत नाही. १९३१ साली कोणी काय सांगू पाहत होते, याचा तो दगडी पुरावा आहे. मात्र तिच्याजवळ उभे राहणाऱ्याला १८०६ चा तो कायदा, शेपर्ड यांच्यासारख्यांना बाळगावा लागणारा दाखला आणि हॅरिएट न्यूबी यांची पत्रे तिथल्या तिथे वाचायला मिळाली पाहिजेत, आणि तीही शिळेवरच्या अक्षरांइतक्याच ठळक अक्षरांत.