बंड आधी, नेता नंतर

एप्रिल १७७५. अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन गावात ब्रिटिश सैनिक आणि स्थानिक शेतकरी समोरासमोर आले, गोळ्या सुटल्या, युद्ध पेटलं. आणि तरीही, त्याच जुलैमध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींनी इंग्लंडच्या राजाला अर्ज धाडला: आम्ही आपली निष्ठावंत प्रजा आहोत, समेट घडवून आणा. हातात बंदूक आली होती, पण राजा नकोच, असं उघड म्हणायची बहुतेकांची तयारी नव्हती.

ते म्हटलं टॉमस पेनने. इंग्लंडात कॉर्सेट शिवणारा, कर खात्याच्या नोकरीतून काढून टाकलेला हा माणूस १७७४ च्या अखेरीस अमेरिकेत उतरला होता. जानेवारी १७७६ मध्ये फिलाडेल्फियात त्याची ‘कॉमन सेन्स’ ही छोटी पुस्तिका निघाली. वर लेखकाचं नावसुद्धा नव्हतं.

ही पुस्तिका जरा जवळून पाहू या. लॅटिनचा बडेजाव नाही, कायद्याचा कीस नाही. दाखले आहेत ते बायबलमधले, साध्या शेतकऱ्याला तोंडपाठ असलेले. इस्रायलच्या लोकांनी राजा मागितला आणि देवाला ते रुचलं नाही, ही गोष्ट पेन विस्ताराने सांगतो. आणि मग विचारतो, एका बेटाने अख्ख्या खंडावर कायमचं राज्य करावं, हे कुठलं शहाणपण? चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवावी अशी ही भाषा. सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला.

असंतोष पेनने निर्माण केला नव्हता, तो घराघरात होताच. लोक जे मनात आणायलाही कचरत होते, ते त्याने बोलण्याजोगं केलं. विचारवंताची ताकद मला इथे दिसते. फ्रान्समध्ये १७८९ च्या जानेवारीत सिएस या धर्मगुरूने तेच केलं. त्याने आपल्या पुस्तिकेत विचारलं: तिसरा वर्ग, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार सोडून उरलेली जनता, म्हणजे काय? सर्व काही. आजवर राज्यकारभारात तो कोण होता? कुणीच नाही. जूनमध्ये त्याच वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं.

पेनही पुढे फ्रान्सच्या सभागृहात निवडून गेला. राजाला मारू नका, हद्दपार करा, असं त्याने तिथे सांगून पाहिलं. १७९३ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला, आणि वर्ष सरता सरता क्रांतीच्या सरकारने पेनलाच तुरुंगात टाकलं.

रशियात तर क्रांती नेत्यांची वाट पाहत थांबलीच नाही. ८ मार्च १९१७, महिला दिन. तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड. तिथल्या कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून पावासाठी रस्त्यावर आल्या. आठवडाभरात झार, म्हणजे रशियाचा सम्राट, पायउतार झाला. बोल्शेविक पक्षाचा नेता लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये होता. निर्णायक लढाया आमच्या पिढीला कदाचित बघायला मिळणार नाहीत, असं तो जानेवारीतच तरुणांना सांगून बसला होता.

एप्रिलमध्ये तो परतला आणि त्याने झारच्या जागी आलेल्या हंगामी सरकारला कसलाही पाठिंबा द्यायला नकार दिला. पेट्रोग्राडच्या पक्ष समितीने त्याची भूमिका १३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. महिना उलटायच्या आत त्याने पक्ष आपल्या बाजूला वळवला. तो नसता तर त्याच्या पक्षाला सत्तेवर आणणारा ऑक्टोबरचा उठाव त्या रूपात झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

पण नेत्याचा खरा कस लागतो तो सत्ता हातात आल्यावर. युद्ध जिंकलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनने १७८३ मध्ये सेनापतिपद काँग्रेसला परत केलं होतं. लेनिनच्या पक्षाला संविधान सभेच्या निवडणुकीत जेमतेम चौथा हिस्सा मतं मिळाली. जानेवारी १९१८ मध्ये ही सभा एकदाच भरली. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींना आत येऊ दिलं नाही.

पाच वर्षांनी आजारी लेनिनने लिहवून घेतलं: स्टालिनला सरचिटणीसपदावरून हटवा. त्याच्या मृत्यूनंतर, मे १९२४ मध्ये, ते पत्र पक्षाच्या प्रतिनिधींना वाचून दाखवलं गेलं. पक्षाबाहेर जाब विचारू शकेल असं एकही सभागृह लेनिनने शिल्लक ठेवलं नव्हतं. स्टालिन पदावर कायम राहिला.