ऊन खाणारा सुरवंट

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाला चिकटलेले सुरवंट आठवतात ना? नुसतं नाव काढलं तरी अंगाला खाज सुटते. आज मी त्यांच्याच एका दूरच्या भाऊबंदाची हकिगत सांगणार आहे. त्याचा मुक्काम ग्रीनलंडमध्ये आणि कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, एल्स्मियर बेटावर. शास्त्रीय नाव गायनेफोरा ग्रोएनलँडिका. विसरलात तरी चालेल!

आपला सुरवंट काही आठवड्यांत खाऊनपिऊन कोषात जातो. याला ७ वर्षं लागतात. आधी तर अभ्यासक १४ म्हणत होते. १९९०च्या दशकात नव्याने हिशेब झाला आणि आकडा निम्म्यावर आला.

एवढा उशीर का? जूनमध्ये बर्फ वितळलं की हा बाहेर पडतो. समोर आर्क्टिक विलोची कोवळी पालवी. हा विलो आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या गोतातला, पण जमिनीलगत पसरणारा. गंमत म्हणजे आमचा सुरवंट पाल्यापेक्षा ऊनच जास्त खातो! निम्म्याहून अधिक वेळ सूर्याकडे अंग करून नुसता बसून. आळशी म्हणू नका. अंग तापल्याशिवाय पोटातलं पचत नाही, आणि ते दाट केस ऊब धरून ठेवतात.

जूनअखेर, ऐन उन्हाळ्यात, तो जेवण थांबवतो आणि रेशमी आवरण विणून दडी मारतो. तोवर पानांचा कस उतरू लागलेला असतो. शिवाय त्याच्यावर अंडी घालणाऱ्या परजीवी माश्यांचा सुळसुळाट. त्यांच्या अळ्या याला आतून पोखरून खातात. थंडीपेक्षा याला भय त्यांचंच.

कारण थंडीचा बंदोबस्त पक्का आहे. हा चक्क गोठतो, उणे ७० अंशांपर्यंत तग धरतो. अंगात ग्लिसरॉल साठवतो. ओठ फुटले की आपण लावतो ते ग्लिसरीन, तेच हे. पेशींतली ऊर्जा बनवणारी यंत्रणासुद्धा मांडवासारखी उतरवून ठेवतो आणि वसंतात पुन्हा उभारतो.

मग एका उन्हाळ्यात सगळी घाई. कोष, पतंग, मीलन, अंडी, मरण, सारं काही आठवड्यांत. पतंग काही खात नाही. मादी फारशी उडतही नाही. अंडी घालते ती बहुधा स्वतःच्याच रिकाम्या कोषावर.