‘हे तर खोटे दिसते’ म्हणणाऱ्या मित्रासाठी

मित्रहो,

जपानमध्ये ‘तोकुसात्सु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिका एखाद्या चोखंदळ मित्राला पाहायला कशा लावाव्यात, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे. रबरी पोशाखातले राक्षस, मुखवटाधारी वीर आणि खेळण्यांएवढ्या इमारतींची पडझड हा या मालिकांचा संसार. विषय ऐकून समोर दोन-तीन चेहऱ्यांवर हसू उमटले आहे, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्याला ज्याचे मन वळवायचे आहे तो मित्रही असाच हसतो. तो अडाणी नसतो, ही खरी अडचण आहे. तो कुरोसावांचे चित्रपट उपशीर्षके वाचत पाहतो, ओझूंच्या स्थिर कॅमेऱ्याबद्दल आदराने बोलतो, आणि ‘अल्ट्रामॅन’चे नाव काढताच म्हणतो, ‘अरे, ते लहान मुलांचे!’

त्याच्या या मताचे मूळ बहुधा त्याच्याच बालपणात असते. आपल्याकडच्या एका पिढीने ‘पॉवर रेंजर्स’ हिंदीत पाहिले आणि तीच या प्रकाराशी तिची पहिली आणि शेवटची ओळख ठरली. ही मालिका 1993 साली अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा मुखवटे चढवल्यानंतरच्या मारामाऱ्या आणि यंत्रमानवांची युद्धे बव्हंशी ‘क्योर्यू सेंताई झ्यूरेंजर’ या 1992 च्या जपानी मालिकेतून उचलली होती, आणि मुखवट्याविना दिसणारे तरुण अमेरिकेत नव्याने चित्रित केले होते. मुखवट्यामागे कोण आहे हे दिसत नाही, म्हणूनच हे ठिगळकाम शक्य झाले. मी हे त्या मालिकेची निंदा म्हणून सांगत नाही. मुद्दा इतकाच की, आपल्या मित्राने जे पाहिले त्यात हाणामारी होती, पण ती ज्या कथेसाठी रचली होती ती कथाच नव्हती. तेव्हा त्याच्या जुन्या मताशी भांडत बसण्यापेक्षा, ‘तू ते अर्धेच पाहिलेस’ एवढे सांगून पुढे जावे.

आता त्याच्या खऱ्या आक्षेपाकडे येऊ. तो म्हणतो की हे खोटे दिसते. यावर चाहते हमखास जे उत्तर देतात, ते मला सर्वात घातक वाटते. ते म्हणतात, पैसा कमी होता, काळ जुना होता, थोडे सांभाळून घे, पंधरा-वीस भाग गेले की मजा यायला लागते. ही वकिली नव्हे, हा गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला. एकदा आपणच माफी मागितली की मित्र पुढची पंचवीस मिनिटे परीक्षकाच्या खुर्चीतून खाली उतरत नाही. माझे म्हणणे असे की, खोटेपणा लपवू नये. तो कसा घडवला आहे तेच त्याला आधी दाखवावे.

यासाठी 1954 सालच्या ‘गोजिरा’पर्यंत, म्हणजे जग ज्याला गॉडझिला म्हणते त्याच्यापर्यंत, मागे जावे लागते. दिग्दर्शक इशिरो होंदा आणि दृश्यतंत्राचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांनी पन्नास मीटर उंचीचा प्राणी पडद्यावर आणला तो रबरी पोशाखात माणूस घालून. माणसाची उंची पोशाखासह दोन मीटर धरली, तर शहर पंचवीस पट लहान बांधावे लागते. पण केवळ लहान बांधून भागत नाही. वस्तू खाली पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पंचवीस पट लहान इमारत पाच पट लवकर कोसळते आणि डोळ्याला लगेच खेळणे वाटते. त्यावरचा उपाय असा की, कॅमेरा नेहमीच्या सेकंदाला 24 चौकटींपेक्षा कितीतरी अधिक वेगाने चालवायचा आणि चित्रफीत नेहमीच्या वेगाने दाखवायची. मग तीच भिंत जड होऊन, धुरळा उडवत, सावकाश खचते. कॅमेरा वेगाने चालवायचा तर प्रत्येक चौकटीला मिळणारा प्रकाश कमी होतो, म्हणून दिवे वाढवावे लागतात, आणि त्या दिव्यांच्या झळीत, जाड रबराच्या आत, हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस उभा असतो. प्राण्यांची चाल कशी असते हे पाहण्यासाठी तो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलांचे निरीक्षण करीत असे. हे सारे माहीत असलेला प्रेक्षक कोसळणाऱ्या कौलांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. अभियंते असलेल्या मित्रांवर तर हे वर्गमूळ कोणत्याही रसग्रहणापेक्षा जास्त परिणाम करते.

याच त्सुबुरायांच्या संस्थेने 17 जुलै 1966 पासून ‘अल्ट्रामॅन’ दूरचित्रवाणीवर आणला. त्याचे 39 भाग झाले. या वीराला पृथ्वीवर तीन मिनिटेच लढता येते आणि ताकद संपत आली की छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकतो. हा दिवा मूळ आकृतीत नव्हता, आणि ती आकृती रेखाटणाऱ्या तोरु नारिता यांना तो शेवटपर्यंत रुचला नाही. कथेच्या दृष्टीने मात्र तो फार उपयोगी ठरला, कारण सर्वशक्तिमान वीराच्या लढाईत रंगत कशी आणायची, हा प्रश्न त्या एका दिव्याने सोडवला.

खोटे उघडपणे मांडून त्यातून खरे उभे करायचे, ही जपानी रंगभूमीची जुनी रीत आहे. बुनराकूमध्ये एकेका मुख्य बाहुलीला तीन-तीन माणसे प्रेक्षकांसमोर उभी राहून नाचवतात आणि कोणी त्यांच्याकडे बोट दाखवीत नाही. नोहचा मुखवटा लाकडाचा, पण नटाने तो किंचित खाली झुकवला की चेहऱ्यावर मळभ येते आणि किंचित वर उचलला की तो उजळतो. आपल्यालाही हे परके नाही. कोकणात देवळाच्या आवारात दशावतार पाहताना शंकासुराचा मुखवटा कापडाचा आहे हे सर्वांना दिसते, तरी तो येताच पोरे आईला बिलगतात आणि मोठी माणसे सरसावून बसतात. ‘मुखवटा खोटा आहे’ अशी तक्रार घेऊन कोणी उठून जात नाही. मित्राने मनातल्या मनात ही मुभा दशावताराला देऊन ठेवलेली असते. ती त्याने दूरचित्रवाणीच्या पडद्यालाही द्यावी, एवढीच विनंती करायची.

नोहच्या त्या मुखवट्याचा वारसा पाहायचा असेल तर सेइजी ताकाइवा यांचे काम दाखवावे. 2001 पासून 2019 पर्यंत ‘कामेन रायडर’ या मुखवटाधारी मोटारसायकलस्वार वीराच्या जवळजवळ प्रत्येक मालिकेत मुख्य वीराच्या पोशाखात हेच गृहस्थ होते, आणि मालिका चालू असताना त्यांचा चेहरा प्रेक्षकांना दिसत नसे. 2007 च्या ‘कामेन रायडर देन-ओ’मध्ये एका भिडस्त, दुर्दैवी तरुणाच्या शरीरात वेगवेगळ्या स्वभावाचे जीव शिरतात, एक आडदांड, एक लाघवी, एक बलदंड, एक नाचरा पोरगा. वीर तोच, पण कोण शिरले आहे यावर त्याची उभे राहण्याची ढब बदलते, खांद्यांचा कोन बदलतो, तलवार धरण्याची पद्धत बदलते. मित्राला आवाज बंद करून एखादी लढाई दाखवा आणि आत्ता कोण शिरले आहे ते ओळखायला सांगा. नाटकवाला मित्र असेल तर तो इथेच विरघळतो.

पाच रंगांच्या पाच वीरांनी ओळीत उभे राहून एकेकाने आपले नाव उच्चारावे आणि मागे रंगीत धुराचा स्फोट व्हावा, या प्रकाराला मात्र सगळेच हसतात. हसू द्यावे. 1975 च्या ‘हिमित्सु सेंताई गोरेंजर’पासून चालत आलेल्या या प्रथेचे नाते मोकुआमी यांच्या 1862 सालच्या काबुकी नाटकाशी सांगितले जाते, त्यात पाच चोर छत्र्या घेऊन नदीकाठी रांगेत उभे राहतात आणि एकेक जण वृत्तबद्ध भाषेत स्वतःची ओळख करून देतो. हे कळले तरी हसू थांबत नाही, आणि थांबावे असेही नाही. त्या दृश्यात थोडा डौल आणि थोडा वात्रटपणा असा दोन्हींचा वाटा आहे.

आता मुख्य व्यावहारिक प्रश्न: दाखवायचे काय? पहिल्या भागापासून सुरुवात करणे ही चाहत्यांची शिस्त आहे, पाहुण्याची नव्हे. या मालिकांचे, विशेषतः जुन्यांचे, बरेचसे भाग स्वयंपूर्ण आहेत, म्हणून एकच भाग निवडावा. माझी निवड ‘अल्ट्रामॅन’चा तेविसावा भाग, लेखक मामोरु सासाकी, दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी. एक देश अंतराळात माणूस पाठवतो, यान भरकटते, तो एका निर्जल ग्रहावर अडकतो आणि जगता जगता त्याचे शरीर राक्षसाचे होऊन बसते. देशाने ही गोष्ट दडपलेली असते. तो सूड घ्यायला पृथ्वीवर परततो, आणि वीरांच्या पथकाला वरून आदेश येतो की हा माणूस होता हे उघड न करता याला संपवा. पथकातला एक जण चिडून शस्त्र फेकून देतो. अखेर अल्ट्रामॅन त्याच्यावर पाण्याचा मारा करतो. ज्याचा जीव पाण्यासाठी तळमळला, त्याला पाणीच आता सोसवत नाही. तो चिखलात सरपटत, परिषदेसाठी उभारलेले राष्ट्रध्वज चिरडत, तान्ह्या मुलासारखा रडत मरतो. त्या आवाजाकडे मित्राचे लक्ष असू द्या. रबर तेव्हा कोणाला आठवत नाही. नंतर त्याच्या नावाचा गौरवपर फलक उभारला जातो, आणि ज्याने शस्त्र फेकले होते तो म्हणतो की बळी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी असेच येते, शब्द तेवढे सुंदर असतात. हे डिसेंबर 1966 मध्ये मुलांच्या कार्यक्रमात दाखवले गेले. बरे, जपानी पोरांनी त्यातून काय घेतले? मान नसलेल्या त्या राक्षसाची नक्कल म्हणून सदऱ्याची कॉलर कपाळावर ओढून घ्यायची आणि हात पसरून धावायचे! दोन्ही गोष्टी एकाच भागात मावतात, यातच या प्रकाराची ताकद आहे.

भाग निवडताना मित्राची आवड पाहावी, आपली नव्हे. गुप्तहेरकथा वाचणाऱ्याला 2009 ची ‘कामेन रायडर डब्ल्यू’ द्यावी. वाऱ्याच्या शहरातले दोन भागीदार, बहुधा दोन भागांत उलगडणारे एकेक प्रकरण, आणि दोघे मिळून एकच वीर होण्याची गमतीदार कल्पना. पोलिसी तपासाच्या मालिका आवडणाऱ्याला 2000 सालची ‘कामेन रायडर कूगा’ द्यावी. तिच्यात पडद्यावर तारीख-वेळ झळकते, पोलीस नकाशे पसरून हत्यांमागचे सूत्र शोधतात, आणि ‘जो ओदागिरी’ या नटाने रंगवलेला नायक पेटलेल्या चर्चमध्ये शिरून सांगतो की, असल्या लोकांपायी कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेले मला पाहायचे नाही. हा नायक ठोसे मारण्यात कधीच रमत नाही, आणि शेवटच्या लढाईत त्याचा अर्थ लागतो. त्याहून अधिक इथे सांगणे योग्य नाही.

‘हे सगळे खेळणी विकण्यासाठी चालते’ असे मित्र म्हणाला, तर सरळ मान्य करावे. वर्षभराच्या मालिकेत वीराला नवनवी रूपे आणि रूपांतराचे नवनवे कमरपट्टे लाभतात, ते दुकानाकडे पाहूनच. कधी कधी कथेच्या ऐन भरात नवे हत्यार येऊन आदळते आणि मलाही वैताग येतो. पण या मालिकांत बाहेरच्या अडचणीतून प्रथा जन्माला येण्याची परंपराही आहे. 1971 मध्ये शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतून आलेल्या पहिल्या ‘कामेन रायडर’चे चित्रीकरण चालू असताना नायक हिरोशी फुजिओका यांना मोटारसायकलच्या अपघातात गंभीर दुखापत झाली, म्हणून चौदाव्या भागात दुसरा रायडर आणावा लागला. हात फिरवून रूपांतर करण्याची जी ऐट पुढे जपानभरच्या पोरांनी गल्लोगल्ली गिरवली, ती या दुसऱ्या रायडरबरोबर आली.

एक सावधगिरी सांगतो. अनेक जण सुरुवातीला 2016 चा ‘शिन गोजिरा’ किंवा ‘गॉडझिला मायनस वन’ दाखवतात, आणि दुसऱ्याला 2024 मध्ये दृश्यतंत्राचे ऑस्कर मिळाले हे पुरावा म्हणून पुढे करतात. दोन्ही चित्रपट उत्तम आहेत. सरकारी बैठकांच्या विडंबनासाठी पहिला तर जरूर पाहावा. पण त्यांतला राक्षस संगणकाने घडवला आहे, आणि ते आवडले म्हणून रबरी पोशाखाबद्दलची अढी सुटत नाही. उलट मित्र म्हणतो, ‘बघ, आता कसे नीट जमले!’

पाहण्याची सोय आता अवघड नाही. अल्ट्रामॅनच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर नव्या मालिकांचे भाग इंग्रजी उपशीर्षकांसह येतात, आणि ‘कामेन रायडर’ बनवणाऱ्या तोएई कंपनीनेही 2020 पासून आपल्या जुन्या मालिकांसाठी वाहिनी उघडली आहे. भाग चालू असताना आपण बोलू नये, आणि संपल्यावर ‘कसा वाटला?’ असे विचारू नये, कारण त्याला भिडेखातर ‘छान’ म्हणावे लागते. त्याऐवजी नेमके काहीतरी विचारावे. तो आदेश पाळणे पथकाला भाग होते का, असे. तो वाद घालू लागला तर आपले काम झाले. तो गप्प राहिला तर विषय बदलावा, आणि वर्षभर पुन्हा काढू नये.

आणि त्याने आपणहून दुसरा भाग मागितला, तर 1967 च्या ‘अल्ट्रासेव्हन’चा आठवा भाग लावावा. दिग्दर्शक पुन्हा जिस्सोजी, लेखक तेत्सुओ किंजो, जे अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या ओकिनावात वाढले होते. त्यात परग्रहावरचा आक्रमक आणि पृथ्वीचा रक्षक एका जुनाट भाड्याच्या खोलीत, चटईवर, बुटक्या गोल मेजाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून बोलतात, आणि पृथ्वी जिंकायला शस्त्रे लागत नाहीत, माणसांचा एकमेकांवरचा विश्वास मोडला की पुरे, हे तो आक्रमक शांतपणे समजावून सांगतो.